चादर हाय की!

सोलापूरच्या माणसाला स्वस्तात लांब जाण्याची कला उपजतच येते. काशी-गया-जगन्नाथपुरी असो, रामेश्वर-कन्याकुमारी असो. गल्लीतला एखादा हौशी गृहस्थ बस ठरवतो, चाळीस-पन्नास माणसं जमवतो, एक आचारी बरोबर घेतो आणि निघतो. हॉटेलात खोली घेणं म्हणजे या मंडळींच्या लेखी अक्कल गहाण टाकणं. मुक्काम धर्मशाळेत, मठात, देवळाच्या ओवरीत, आणि काहीच जमलं नाही तर पेट्रोल पंपाच्या फरशीवर. बसच्या टपावर पातेली, शेगड्या, ज्वारीच्या पिठाची पोती. सीटखाली शेंगाचटणीचे डबे आणि कडक भाकरीच्या थप्प्या. ही भाकरी महिनाभर टिकते, आणि दात टिकले तर खाताही येते.

या यात्रेची औषधांची पिशवी एकदा उघडून पाहावी. जुलाबाच्या गोळ्या, उलटीच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, ओवा, सुंठ, गुडघ्यांचं तेल, बाम. प्रवासात जे काही वाईट व्हायचं ते एकतर तोंडावाटे पोटात शिरतं, नाहीतर गुडघ्यातून वर चढतं, अशी पक्की समजूत. कातडीतून आत येणाऱ्या गोष्टीची तिथं दखलच नाही. कुणी फारच खोदून विचारलं, "आणि डासांचं काय ओ, काका?" तर उत्तर तयार असतं. "डासाला काय घाबरायचं? चादर हाय की!"

या उत्तरावर हसू नये. त्यामागे एका शहराचा अभिमान उभा आहे. सोलापुरी चादर जॅकार्डच्या मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी अंगावर घेता येणारी, भौगोलिक मानांकन मिळवलेली. डासाची सोंड तिच्यातून आरपार जाईल असं मलाही वाटत नाही. साडी, पातळ सदरा, लेंगा यांतून डास निवांत जेवतो. सोलापुरी चादरीपुढे त्याला हात टेकावे लागतील. चादरीत काही उणं नाही. उणं आहे ते आतल्या माणसात. रामेश्वरच्या दमट हवेत, पंख्याशिवायच्या ओसरीवर, ही चादर डोक्यावरून ओढून कुणी झोपून दाखवावं. पहिली दहा मिनिटं निग्रहाची. मग श्वास घ्यायला नाक बाहेर येतं. नाकापाठोपाठ कपाळ. अकराच्या सुमारास एक पाय मोकळा होतो, बारा वाजता दुसरा, आणि साडेबारापर्यंत चादर घडी न घातलेल्या अवस्थेत पायाशी पडलेली असते. नेमकी हीच वेळ मलेरियाच्या डासाची. अ‍ॅनॉफेलिस जातीची मादी सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत कधीही चावते, पण माणूस गाढ झोपलेला असला की तिचं काम सोपं होतं. दिवसाउजेडी चावून डेंगी देणारा पांढऱ्या पट्ट्यांचा डास वेगळा. गटारातून उठून कानाशी रात्रभर भजन लावणारा क्युलेक्सही वेगळा, आणि त्याच्या भजनातून मलेरिया होत नाही. आपण मात्र आवाजावरून धोका मोजतो. "तिथं डासच नव्हते ओ, शांत झोप लागली," असं सांगणाऱ्या माणसाबद्दल मला जरा काळजी वाटते.

खरा उपाय मच्छरदाणी. ती विणली जाते तमिळनाडूतल्या करूरला. करूर हेही आपल्यासारखंच मागांचं गाव, चादरी-पडद्यांचं. आता सोलापूरच्या माणसानं करूरचं कापड घेऊन रामेश्वरला जायचं म्हणजे कुठंतरी मानाला लागतंच. शिवाय मच्छरदाणीला चार कोपरे असतात आणि धर्मशाळेला चार खिळे नसतात. एक खिडकीच्या गजाला, एक दाराच्या कडीला, एक शेजारच्याच्या बॅगेला बांधला, तरी चौथ्या कोपऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. त्या कोपऱ्याशी झगडताना अख्खी धर्मशाळा बघत बसते आणि सल्ले देते. "नवरदेवासाठी मांडव घालायलाय का ओ?" असं एकदा कुणी विचारलं की दुसऱ्या रात्री मच्छरदाणी पिशवीतून बाहेर निघत नाही. लोकलाजेनं माणसं काय काय सोसतात याची यादी केली तर हिवतापाचा नंबर बराच वर लागेल.

आणि मग ते घातक वाक्य येतं: "एका रात्रीचाच तर प्रश्न हाय." डासाला तरी किती रात्री लागतात?

या बसयात्रा कुठून कुठं जातात ते नकाशावर पाहिलं की मौज वाटते. रामेश्वर बेटावर सुरूची झाडं लावतात. रोपांना पाणी घालता यावं म्हणून वाळूत खड्डे खणतात, त्यात गोडं पाणी साचतं आणि त्या स्वच्छ पाण्यात अ‍ॅनॉफेलिसची पोरं वाढतात. डासांचा अभ्यास करणाऱ्यांना हे बेट चांगलं ठाऊक आहे. भाविकाला तिथलं बावीस कुंडांचं स्नान ठाऊक असतं, तेविसाव्या खड्ड्याची त्याला कल्पना नसते. जगन्नाथपुरीचा किनारा त्या मानानं निवांत. पण डिझेल वाचवायला ड्रायव्हरनं बस जगदलपूर-कोरापूटवरून काढली, की ती थेट देशातल्या जुन्या मलेरियाच्या डोंगरपट्ट्यातून जाते. संध्याकाळी सातला रस्त्याकडेला गाडी थांबते, आचारी शेगडी पेटवतो, बायका भाकऱ्या थापायला बसतात, पुरुष मंडळी सदरे काढून वाऱ्याला बसतात आणि हरिपाठ सुरू होतो. देवाला आळवायची वेळ आणि डासाची जेवायची वेळ एकच आहे, त्याला कोण काय करणार?

सोलापूरची तरणी पोरं वेगळ्या यात्रेला जातात. पोलीस भरती असली की सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून रात्रभर उभं राहून मुंबई गाठायची, मैदानाच्या आसपास फुटपाथवर पथारी टाकायची आणि पहाटे उठून धावायचं. चप्पल डोक्याखाली, कागदपत्रांची फाइल पोटाशी, पाय उघडे. या पोरांना चोराची भीती असते, पावसाची भीती असते, मैदानावर वेळ चुकण्याची तर फारच. डासाची भीती त्यांच्या भीतींच्या रांगेत कुठंच उभी नसते. मुंबईचा मलेरिया मात्र खास शहरी आहे. तिथला अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी गटारात अंडी घालत नाही. त्याला विहिरीचं, इमारतीवरच्या टाकीचं, बांधकामावरच्या हौदाचं चांगलं पाणी लागतं. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल लिहिला, तेव्हापासून तिथल्या विहिरींवर झाकणं बसवण्याची नाहीतर त्या बुजवण्याची भांडणं चालू झाली. शंभर वर्षांत विहिरी गेल्या, टाक्या आल्या, डासानं नुसता पत्ता बदलला. भरतीला आलेल्या पोरांची झोपायची सोय एखाद्या जाळी लावलेल्या सभागृहात करायला फार पैसे लागतील असं मला वाटत नाही. पळण्याच्या शर्यतीत सेकंद मोजणाऱ्या व्यवस्थेनं आदल्या रात्रीचाही थोडा हिशेब ठेवावा.

कॉलेजातली काही मुलं शिबिरं, अभ्याससहली करत गडचिरोलीकडे जातात. महाराष्ट्रातला ग्रामीण मलेरिया म्हणजे मुख्यतः हाच मुलूख. हेमलकशाला १९७३ साली प्रकाश आणि मंदा आमटे यांनी काम सुरू केलं, तेव्हापासून तिथल्या दवाखान्यानं मेंदूत चढलेला मलेरिया भरपूर पाहिला. तिथं जाणारी मुलं निदान घाबरून जातात. अंगभर कपडे, ओडोमॉसची नळी, सगळं बरोबर असतं. जंगल म्हटलं की आपल्याला डास आठवतो. देऊळ आणि मैदान म्हटलं की आठवत नाही.

वारीची गोष्ट त्याहून निराळी. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं. आषाढीला अंगावरच्या कपड्यानिशी शेकडो मैल चालत येणारा वारकरी हा जगातल्या कुठल्याही पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या प्रवाशापेक्षा काटकसरी. तो राहुटीत झोपतो, पासष्ट एकरांच्या तळावर झोपतो, चंद्रभागेच्या वाळवंटात झोपतो, आणि तेही ऐन पावसाळ्यात. पण तिथं त्याच्या मागेपुढे सरकारी यंत्रणा असते. फवारणी होते, पाण्याचे साठे तपासले जातात, दिंडीबरोबर औषधं चालतात. पन्नास माणसांच्या खासगी बसमागे कुणी चालत नसतं. तिचा आरोग्य विभाग म्हणजे ती जुलाबाच्या गोळ्यांची पिशवी.

अशा एका बसवाल्या गृहस्थांना मच्छरदाणीचं पटवायचा प्रयत्न करून पाहिला. शास्त्र सांगितलं, ते हसले. आकडे सांगितले, त्यांनी पान जुळवलं. शेवटी विचारलं, "आचारी कुठं झोपतो ओ?" म्हणाले, "भांड्यांजवळ, बाहेर. भांडी कोण उचलून नेईल की." "आणि उठतो कधी?" "तीनला. पन्नास माणसांचा चहा व्हायला पायजे." "त्याला प्रवासात ताप भरला तर?" हा प्रश्न त्यांच्या आतपर्यंत गेला. चेहराच बदलला. पन्नास सोलापूरकर, परमुलुख, आणि पिठलं करायला कुणी नाही! "आचाऱ्याला एक घेतो," असं ते ताबडतोब म्हणाले. बाकीच्या पन्नासांची रदबदली अजून चालू आहे.

रोनाल्ड रॉसची गोष्टही त्यांना सांगायची होती, पण पान संपलं. ही गोष्ट तशी आपल्याच रेल्वेमार्गावरची. सोलापूरहून हुसेनसागर एक्स्प्रेसनं हैदराबादला जावं, तर बेगमपेठेच्या आसपास, सिकंदराबादेत, लष्करातल्या या डॉक्टरानं २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा जंतू पाहिला. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास मुद्दाम चावू देण्यात आले होते. मोबदला, एका डासामागे एक आणा. मलेरियाच्या इतिहासात डास चावल्याबद्दल पैसे मिळालेला माणूस म्हणून त्याचं नाव मोठं. आपण सगळे फुकटच चावून घेतो. रॉस कवीही होता. शोध लागल्यावर त्यानं कविता लिहिली. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं, ते कवितेसाठी नव्हे. पण मला त्याच्या चरित्रातला आवडणारा भाग शोधाच्याच वर्षीच्या, १८९७च्या उन्हाळ्यातला आहे. रजा काढून तो उटीला गेला, तिथून खाली सिगूरच्या घाटात मलेरियाचा तपास करायला उतरला, आणि त्याला स्वतःलाच हिवतापानं गाठलं. जगात डासावर त्याच्याइतका संशय घेणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. सहलीवर गेलेला माणूस, मग तो कुणीही असो, थोडा गाफील असतोच.

हा जंतू गाफिलाला लगेच पकडत नाही, ही त्याची खरी हुशारी. चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे, कधी जास्तही. तोवर बस परत येऊन गंगाजलाच्या गडव्यांची पूजा झालेली असते, मावंदं आटोपलेलं असतं. मग एके दुपारी सोलापूरच्या चाळीस अंशांत माणूस कुडकुडायला लागतो. अंगावर एक चादर घालतात, दुसरी घालतात, तिसरी घालतात. या आजारात चादरीला अखेर खरं काम मिळतं. मग दरदरून घाम, मग उतार. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, चौकात गप्पा मारायला हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. जुनी माणसं याला पाळीचा ताप म्हणत आणि पाळी ओळखत. आताचे लोक निदान आधीच करून ठेवतात: पाणी बाधलं. या एका शब्दप्रयोगाखाली सोलापूरकरानं अर्धं वैद्यकशास्त्र झाकून ठेवलंय. डॉक्टरकडे गेलं तरी तेच सांगायचं. "बाहेरचं पाणी बाधलं, डॉक्टरसाहेब, एक सुई मारा." डॉक्टरनं बिचाऱ्यानं पोट तपासायचं.

रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला तर अर्ध्या तासात उलगडा होतो, सरकारी दवाखान्यात फुकट होतो. फाल्सिपेरम जातीचा जंतू निघाला तर घाई करावी लागते, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. व्हायव्हॅक्स निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. गंमत अशी की ताप तीन दिवसांतच पळतो. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात दडी मारून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. चौदा दिवसांच्या गोळ्या त्यांच्यासाठी. पण ताप नसताना गोळी खायची हे आपल्या स्वभावात बसत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली न ठेवणारी माणसं पाचव्या दिवशी गोळ्यांचं पाकीट कपाटावर ठेवून देतात.

जाण्याआधी घ्यायची गोळीही असते. मलेरियाच्या मुलखात थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्या मोठ्या माणसाला डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देऊ शकतात: निघण्याआधी दोन दिवस सुरू करायची, रोज एक, आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला नाही. म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. आठ दिवसांच्या यात्रेला हा हिशेब सव्वा महिन्यावर जातो. "देव भेटला आठ दिवसांत, आणि गोळ्या सव्वा महिना?" असा प्रश्न येतो, आणि तो अगदीच चुकीचा आहे असं नाही. देशातल्या सगळ्या ठिकाणांसाठी ही गोळी लागतही नाही. ती कुठं लागते हे विचारायला मात्र दवाखान्याची पायरी निघण्याआधी चढावी लागते, आणि आपण ती नेहमी परतल्यावर चढतो.

अलीकडे सोलापूरची काही मंडळी वर्गणी काढून केनिया-टांझानियालाही जाऊन येतात. त्यांच्यात एक मजेदार शिस्त दिसते. पिवळ्या तापाची लस प्रत्येकजण न चुकता घेतो, पिवळं कार्ड पासपोर्टात जपून ठेवतो. कारण ते नसेल तर परतल्यावर सरकार सहा दिवस बाजूला बसवून ठेवतं. मलेरियाला शिक्का नाही, कार्ड नाही, विमानतळावर विचारणारा साहेब नाही. मग तो आजार आहे हे कशावरून समजायचं? आणि लसीचं म्हणाल तर मलेरियाची आर-२१ नावाची लस चक्क आपल्या पुण्यात तयार होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली, ती मलेरियाच्या मुलखात जन्मलेल्या बाळांसाठी. पुण्यावरून बस नेऊन ती टोचून घेता येईल का, असं मला एका काकांनी गंभीरपणे विचारलं होतं.

घरी राहिलेल्यांनी हसायचं कारण नाही. सोलापूरला उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे प्रत्येक घरात हौद, पिंपं, टाक्या, जुन्या घंगाळापर्यंत सगळं काठोकाठ भरलेलं. महापालिकेची माणसं येऊन आठवड्याचा एक कोरडा दिवस पाळा, सगळं पाणी ओता, भांडी घासून वाळवा, असं सांगतात. पाणी ओता हे शब्द सोलापूरच्या बाईला शिवीच वाटतात. मग तडजोड होते: हौदात गप्पी मासे सोडायचे. मासे अळ्या खातात, पोरं माशांना भाकरीचे तुकडे टाकतात, मासे सुस्त होतात. डास जन्मतः मलेरिया घेऊन येत नाही. जंतू त्याला आजारी माणसाकडून मिळतो आणि डासाच्या पोटात दहा-पंधरा दिवसांत तयार होतो. म्हणजे हौदातल्या डासाला वाट असते ती रामेश्वरहून परतणाऱ्या काकांची.

गाफील राहून मलेरिया परत ओढवून घेणं देशात एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा, आठ लाख मरायचे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीचे पंप खेडोपाडी हिंडले, दारांवर तारखा रंगवल्या गेल्या. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. सगळे निर्धास्त झाले. १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. त्या काळचे हिवतापवाले आता म्हातारे झालेत. त्यांचं काम आशाताई आणि महापालिकेच्या बायका करतात. बॅटरी घेऊन हौदात वाकून बघायचं, वहीत लिहायचं, आणि ठरलेला प्रश्न विचारायचा.

"घरात कुणाला ताप?"

"आमच्या सासऱ्यांना थोडी कणकण हाय. पाणी बाधलंय."

"बाहेरगावी जाऊन आलंय का कुणी?"

"नाही ओ ताई. आमच्यातलं कोण जातंय बाहेरगावी? थांबा की, अशा जाऊ नका. हे घ्या, रामेश्वरचा प्रसाद."

ताईंनी प्रसाद तोंडात टाकला, हात पदराला पुसले, आणि पिशवीतून काचपट्टी बाहेर काढली.